एक्स-प्लेन या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये आपल्या शहराचा विमानतळ बनवायचा आहे, पण थ्रीडी मॉडेलिंग येत नाही. सुरुवात कुठून करू?

मॉडेलिंग न येताही विमानतळ उभा राहतो. मी मुंबईतल्या जुहूचा केला तेव्हा मलाही ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर येत नव्हतं. एक्स-प्लेनवाल्या लॅमिनार रिसर्चचंच वर्ल्डएडिटर हे विमानतळ बनवायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. हँगर, कुंपण, दिव्यांचे खांब असं बरंच सामान सिम्युलेटरच्या लायब्ररीत तयार असतं.

मात्र हँगरपासून सुरुवात करू नका. मी केली होती, आणि रनवे उपग्रहचित्रावर अंदाजाने ओढला होता. नंतर सगळंच हलवावं लागलं. रनवेच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमधून, म्हणजे विमानतळांच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतून घ्या, ती ऑनलाइन वाचता येते. तिथे आकडे अंश-मिनिट-सेकंदात असतात, ते दशांशात बदलताना मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागायचं. इथे घाई नको. अक्षांशाचा 1 सेकंद म्हणजे सुमारे 31 मीटर. जुहूचा 08/26 क्रमांकाचा रनवे जवळपास पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे एका सेकंदाच्या चुकीने तो जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका बाजूला सरकतो.

टॅक्सीवे (रनवेकडे जायचे रस्ते), ॲप्रन (विमानं उभी करायची जागा), पट्टे यांना वेळ लागतो, पण ते हाताला लवकर बसतं.

खरा कस लागतो तो आपोआप उगवणाऱ्या इमारतींशी. ॲप्रनवर घरं आली की ‘एक्सक्लूजन झोन’ टाकावा लागतो, म्हणजे तेवढ्या भागात त्या उगवत नाहीत. साधा झोन सरळ उत्तर-दक्षिण चौकोन असतो, तिरका होत नाही. एकच मोठा चौकोन टाकला तर भिंतीपलीकडची वस्तीही पुसली जाते. जुहूला तर वस्ती भिंतीला अगदी चिकटून आहे. म्हणून लहान लहान चौकोन जोडत जा. कंटाळवाणं काम आहे, पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं हेच. वैमानिक धावपट्टी ओळखतो ती आजूबाजूच्या खुणांवरून. सांताक्रूझच्या मुख्य विमानतळाचा 09/27 रनवे जवळच आणि जवळपास त्याच दिशेत असल्याने 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि ती संपल्यावरही पुढे निघून गेलं. तुमच्या विमानतळालाही अशा खुणा असतील: नाला, पाण्याची टाकी, वळणारा रस्ता. त्या आधी मांडा, टर्मिनलच्या काचा नंतर.

तयार पॅक ‘कस्टम सीनरी’ फोल्डरमध्ये जातो. दिसला नाही तर घाबरू नका, तिथल्या यादीच्या फाइलमध्ये तो जमिनीच्या पॅकांच्या वर आहे ना, तेवढं बघा.

फक्त लायब्ररीतल्याच वस्तू वापरल्या असतील तर सीनरी गेटवेवर, म्हणजे लोकांनी बनवलेले विमानतळ जमा करणाऱ्या एक्स-प्लेनच्या साइटवर जरूर पाठवा. तपासणीत पास झाला की तुमचा विमानतळ एक्स-प्लेनच्या पुढच्या एखाद्या अपडेटमधून सगळ्यांकडे पोचतो. कुठला विमानतळ करताय ते कळवा, एआयपीतले आकडे दशांशात बदलून तपासायला मी मदत करेन.