सत्तर गाड्या, चार लाख वीस हजार आणि एक एफडी

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत टूल रूमला नोकरी. हातात पगार ८५,००० रुपये, घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ६०,०००. बरीच वर्षं ते फॉर्म्युला वन शर्यतीतल्या गाड्यांच्या १:४३ मापातल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्शाएवढ्या छोट्या प्रतिकृती जमवतात आणि त्यांच्या परीक्षणाचे व्हिडिओ करतात. मुंबईतले एक वयस्कर संग्राहक आपल्या सत्तर गाड्या ४,२०,००० रुपयांना एकगठ्ठा विकताहेत. त्यासाठी ५ लाखांची एफडी मोडायची का, हा प्रश्न आहे. "एफडीवर नाहीतरी काय सुटतं? या गाड्यांचे भाव वाढतच जाणार," असं त्यांनी लिहिलंय. पत्नीचा विरोध आहे.

तुमची यादी मी नीट वाचली. ब्राझीलचा चालक आयर्टन सेना याची १९८८ ची मॅक्लारेन एमपी४/४ आहे, २००५ ची नारायण कार्तिकेयनची जॉर्डन आहे. अशी यादी समोर आली की हात शिवशिवणारच. तरीही अख्खी एफडी मोडू नका. आणि व्यवहार सोडूनही देऊ नका.

आधी आकडे बघू. सहा महिन्यांचा खर्च होतो ३,६०,००० रुपये. तुमच्या पत्रात दुसरी कुठलीच शिल्लक दिसत नाही, म्हणजे ही एफडीच तुमची अडीअडचणीची पुंजी. ४,२०,००० काढले तर उरतात ८०,०००, जेमतेम सव्वा महिन्याचा खर्च. तुमच्या क्षेत्रात ऑर्डरी कमी झाल्या की काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. वहिनींचा विरोध छंदाला आहे असं मला वाटत नाही, त्यांना हे ८०,००० दिसताहेत.

आता भाव वाढण्याबद्दल. ४,२०,००० रुपये साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले तर साधारण ५,७५,००० होतात. व्याजावर कर लागेल, ते सोडून देऊ. गाड्यांनी एवढंच द्यायचं म्हटलं तर आज सरासरी ६,००० ला पडणारी प्रत्येक गाडी पाच वर्षांनी खर्च वजा जाता ८,२०० ला विकली गेली पाहिजे. प्रत्येक, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला शेवटच्या रांगेत उभ्या असणाऱ्या, कुणाला फारशा नको असलेल्या गाड्यासुद्धा. परदेशी साइटवर दिसतो तो मागितलेला भाव असतो. झालेल्या विक्रीचे आकडे काढा, त्यातून कमिशन, पॅकिंग, टपाल वजा करा आणि मग बोला.

शिवाय गाजलेली गाडी एकदाच निघत नाही. एमपी४/४ ने त्या हंगामातल्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, म्हणून तर ती सगळ्यांना हवी असते. म्हणूनच उत्पादकही ती पुन्हा पुन्हा काढतात. नवी, जास्त बारकाव्याची आवृत्ती आली की जुनीचा भाव बसतो. जॉर्डनचं वेगळं आहे. कार्तिकेयन म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, आणि अमेरिकेत इंडियानापोलिसला फक्त सहा गाड्या धावल्या त्या शर्यतीत चौथा. जगाच्या बाजारात तिला फार मागणी नसेल, पण इथल्या संग्राहकाला ती हवीच असते. ती घ्याच, अगदी विकायची नाही असं ठरवून घ्या.

माझा हिशेब असा. एफडीत ३,६०,००० राहू द्या, वरचे १,४०,००० ही तुमची मर्यादा. एफडीतली थोडीच रक्कम काढता येते का ते बँकेला विचारा. नसेल तर मोडून उरलेल्याची लगेच नवी करा. मुदतीआधी काढल्याने व्याज थोडं कापलं जाईल, ते सोसा. एफडीवर कर्ज मात्र काढू नका. गठ्ठा फोडायला मालक तयार नसतील तर तुमच्या ओळखीचे तीन-चार संग्राहक एकत्र करा. परीक्षणांमुळे तुमच्याइतक्या ओळखी दुसऱ्या कुणाकडे आहेत? निवडक गाड्या तुम्हाला सरासरीपेक्षा महाग पडतील, ते मान्य करून पंधरा-सोळाच घ्या.

पैसे देण्याआधी प्रत्येक गाडी पारदर्शक झाकण काढून, उजेडात बघा. मुंबईच्या दमट हवेत डेकल, म्हणजे गाडीवरची चिकटवलेली अक्षरं-चित्रं, पिवळी पडतात, कडेला उचलतात. रबरी टायर वर्षानुवर्षं एका जागी राहिले की खालच्या प्लास्टिकला चिकटतात, गाडी उचलताना तिथे डाग दिसतो. मागच्या विंगच्या कडा आणि आरसे तपासा. खऱ्या गाड्यांवर सिगारेट कंपन्यांच्या जाहिराती असायच्या; प्रतिकृतीवरची त्या ब्रँडची अक्षरं मूळची आहेत की कुणी नंतर बाहेरून आणून चिकटवली, हे सरळ विचारा. बऱ्याच गाड्या कारखान्यातून त्या अक्षरांशिवायच निघाल्या, त्यामुळे भावात फरक पडतो.

"गाड्या आल्या की व्हिडिओ वाढतील" हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण परीक्षणाला गाडी स्वतःची असावी लागत नाही. वाटणी होण्याआधी त्या काकांच्या घरीच सगळ्या सत्तर गाड्यांचं चित्रीकरण करू देतात का बघा. त्यांनी एवढी वर्षं जमवलेलं एकत्र नोंदलं जाईल, हे त्यांनाही आवडेल.

एक कराची गोष्ट. परीक्षणासाठी कंपनीने पाठवलेली वस्तू तुम्ही ठेवून घेतली तर तिची किंमत उत्पन्नात धरली जाते, परत केली तर नाही. एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेलं तर १० टक्के टीडीएसचा नियम जुलै २०२२ पासून आहे. आलेल्या-गेलेल्या गाड्यांची वही ठेवा. आणि नफ्यासाठी नियमित घेणं-विकणं सुरू केलंत तर तो धंदा धरला जाईल, त्याआधी सीएला भेटा.

या रविवारी वहिनींसोबत यादी घेऊन बसा आणि १,४०,००० च्या आत कुठल्या गाड्या बसतात त्यावर खुणा करा. मग मुंबईला फोन लावा.