शाळा बुडवून सुट्टीला जावे का?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या पालकांकडून गेल्या काही महिन्यांत आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत : शाळा चालू असताना मुलांना घेऊन गावी किंवा सहलीला जावे का, आणि गेल्यास काय होते. त्यांतली पाच पत्रे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची आहे. डिसेंबरमध्ये भारतात जायचे आहे. शाळांना सुट्टी लागली की विमानाची भाडी आवाक्याबाहेर जातात, म्हणून सुट्टीच्या सात शालेय दिवस आधीच निघण्याचा विचार आहे. दंड भरूनही पैसे वाचतात. मैत्रिणी म्हणतात की, दंड हा तिकिटाचाच एक भाग समजा. तसे समजावे का?

उत्तर : आधी हिशेब पुरा करू, कारण मैत्रिणींनी तो अर्धाच केलेला दिसतो. विनापरवानगी गैरहजेरीबद्दलच्या दंडाची नोटीस कुटुंबाला येत नाही; ती प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला वेगळी निघू शकते. १९ ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या नोटिशीची रक्कम २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड आणि त्यानंतर २८ दिवसांच्या आत भरल्यास १६० पौंड आहे. दोन पालक आणि दोन मुले म्हणजे चार नोटिसा, अर्थात ३२० पौंड, आणि परतल्यावर साचलेले टपाल उघडायला उशीर झाला तर ६४० पौंड. त्याच मुलाबद्दल त्याच पालकाला तीन वर्षांच्या आत दुसरी नोटीस निघाली, तर कमी दराची सवलत मिळतच नाही, सरळ १६० पौंड भरावे लागतात. तिसऱ्या वेळी नोटिशीचा मार्ग बंद होतो आणि काउन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, खटल्याचा किंवा अन्य कायदेशीर उपायाचा विचार करावा लागतो. १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या ४४४ व्या कलमाखाली न्यायालय १,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते. पालकांना गैरहजेरी ठाऊक होती आणि त्यांच्याकडे सबळ कारण नव्हते असे ठरल्यास ही मर्यादा २,५०० पौंडांपर्यंत जाते आणि तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. सुट्टीपायी कोणी तुरुंगात जाईल अशी भीती मला घालायची नाही. परंतु दर खेपेला वाढत जाणारी आणि तिसऱ्या खेपेला कोर्टाच्या दाराशी नेणारी रक्कम तिकिटाचा भाग कशी होईल?

सात दिवसांची गैरहजेरी नजरेआड होईल, ही आशाही सोडून द्या. येथे हजेरी अर्ध्या-अर्ध्या दिवसाने मोजली जाते. कोणत्याही सलग दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी गैरहजेरीचे दहा अर्धे दिवस, म्हणजे पाच पूर्ण दिवस, भरले की शाळेला नोटिशीचा विचार करावाच लागतो. तुमचे चौदा भरतात. काही जण चारच दिवस घेऊन आपण सुटलो असे समजतात. पण हजेरी बंद झाल्यानंतर उशिरा पोहोचलेल्या सकाळीही त्याच मोजणीत येतात, हे त्यांना नोटीस आल्यावर कळते.

‘वर्षातले दहा दिवस तर हक्काचे असतात’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ते दहा दिवस हक्काचे कधीच नव्हते. सप्टेंबर २०१३ पूर्वीच्या नियमांनुसार मुख्याध्यापकांना विशेष परिस्थितीत कौटुंबिक सुट्टीसाठी साधारण दहा दिवसांपर्यंत रजा देता येत असे. त्या महिन्यापासून सुट्टीचा उल्लेखच नियमांतून वगळला गेला आणि ‘अपवादात्मक परिस्थिती’ एवढाच निकष उरला. केवळ विश्रांती किंवा मौज ही अशी परिस्थिती मानू नये, असे शिक्षण खात्याच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. स्वस्त भाडे हे कारण तर अर्जात लिहूच नका.

‘मुलांची एरवीची हजेरी उत्तम आहे’ हा युक्तिवादही टिकत नाही. आइल ऑफ वाइटवरील एका वडिलांनी एप्रिल २०१५ मध्ये मुलीला सात शालेय दिवस फ्लोरिडाला नेले, दंड भरण्यास नकार दिला आणि मुलगी शाळेत ‘नियमितपणे’ जातेच, असा बचाव केला. खालच्या न्यायालयांनी तो मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ६ एप्रिल २०१७ रोजी एकमताने निकाल फिरवला : ‘नियमितपणे’ याचा अर्थ पुष्कळ वेळा असा नसून शाळेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे असा आहे. त्यामुळे टक्केवारीचा आधार गेला. विनापरवानगी एक दिवससुद्धा तत्त्वतः कायद्याचा भंग ठरतो.

आता माझे मत. सात दिवसांनी तुमच्या मुलांचे शिक्षण बुडेल असे मी म्हणणार नाही. परंतु नऊ वर्षांच्या मुलाच्या वर्गात नेमका त्याच आठवड्यात अपूर्णांकांचा नवा भाग सुरू झाला, तर परतल्यावर तो सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारायला लाजेल, आणि शिक्षिकेपुढे तेव्हा तीस मुले असतील. उलट, ज्यांचे आजी-आजोबा समुद्रापलीकडे राहतात, त्या कुटुंबांवर हा नियम अधिक कठोर पडतो, हेही खरे आहे. दोन तासांच्या अंतरावर आजोळ असलेल्या मुलाला शनिवार-रविवार पुरतो. तुमच्या मुलांना तो पुरत नाही. शाळेचे वर्ष १९० दिवसांचे असते, उरलेले १७५ दिवस कुटुंबाचे आहेत, हे उत्तर सरकारकडून ठरलेले असते आणि ते चूक नाही. फक्त त्या १७५ दिवसांत प्रवास महाग का असतो, याचे उत्तर त्यात नाही.

मार्ग थोडे आहेत, पण आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे वर्षाला पाच दिवस मुलांना शाळा नसते. ते प्रत्येक शाळा आपापले ठरवते आणि पुष्कळदा सुट्टीला जोडून ठेवते. त्यांच्या तारखा आधी पाहा आणि मग तिकिटे शोधा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. (लेस्टर परिसरातल्या शाळा उन्हाळ्यात परंपरेने इतरांच्या आधी बंद होतात, तो कारखान्यांच्या जुन्या पंधरवड्याच्या सुट्टीचा वारसा आहे. तेथील पालकांना जुलैत जी भाडी मिळतात, ती पाहून इतरांनी हेवा करावा.) तुमच्या दोन्ही मुलांची शाळा एकच असेल तर हे सोपे जाईल. वेगवेगळ्या शाळा असतील, तर दोन्हींच्या तारखा एकमेकींशेजारी लिहून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गात, असून फेब्रुवारीत पाच वर्षांचा होईल. नोव्हेंबरमध्ये दोन आठवडे बाहेर गेल्यास दंड होईल का?

उत्तर : नाही. शाळेची सक्ती पाचव्या वाढदिवसाच्या दिवशी सुरू होत नाही. वाढदिवसानंतर येणाऱ्या ३१ डिसेंबर, ३१ मार्च किंवा ३१ ऑगस्ट यांपैकी पहिल्या तारखेनंतरच्या सत्रापासून ती सुरू होते. तुमच्या मुलासाठी ती तारीख ३१ मार्च आहे, म्हणजे त्याला ही सक्ती उन्हाळी सत्रापासून लागू होईल. तोवर दंडाची नोटीस काढता येत नाही. तरी शाळेला आधी कळवा, कारण पटावर नाव असलेले मूल न सांगता दोन आठवडे आले नाही, तर मुलाच्या काळजीपोटी शाळा चौकशी करणारच. मुलगा नुकता शाळेत रुळू लागला असेल, तर परतल्यावर पहिल्या आठवड्यातले रडणे पुन्हा एकदा सोसायची तयारी ठेवा.

प्रश्न : आम्ही ब्रिस्टलला राहतो आणि बहीण कार्डिफला. मावस भावंडांना एकाच लग्नासाठी पाच-पाच दिवस रजा हवी होती. तिच्या मुलांना मिळाली, आमच्या मुलांना नाकारली. दोन गावांत तासाभराचेही अंतर नाही. हा अन्याय नाही का?

उत्तर : अंतर तासाभराचे असले, तरी मध्ये सरहद्द आहे. शिक्षण हा वेल्सच्या स्वतंत्र अधिकारातला विषय आहे आणि तेथील नियमांत मुख्याध्यापकांना सत्रकाळातील कौटुंबिक सुट्टीसाठी वर्षाला दहा दिवसांपर्यंत रजा देण्याचा स्वेच्छाधिकार अजून आहे. इंग्लंडने २०१३ मध्ये तो काढून घेतला. स्कॉटलंडमध्ये तर अशा निश्चित रकमेच्या दंडाच्या नोटिसाच नाहीत. याला अन्याय म्हणावे की नाही, हे तुम्ही ठरवा. मुख्याध्यापकांपुढे बहिणीचा दाखला देऊन मात्र काही साधणार नाही. त्याऐवजी लग्नाचा मुख्य दिवस आणि प्रवासाला लागणारा किमान वेळ एवढ्यापुरताच नवा अर्ज करा. जवळच्या नात्यातल्या लग्नासाठी एक-दोन दिवस मंजूर करणारे मुख्याध्यापक आहेत; पाच दिवसांना सरसकट नकार देणारे त्याहून अधिक आहेत.

प्रश्न : सासरे भारतात अत्यवस्थ आहेत. डॉक्टरांनी नातवंडांना भेटवून घ्या, असे सुचवले आहे. मुख्याध्यापिकांनी पाच दिवसांची रजा दिली. आम्हाला तीन आठवडे लागतील असे वाटते. वाढीव रजा नाकारली, तर अपील कोठे करता येते?

उत्तर : अपिलाची कायदेशीर सोय नाही, ना रजेच्या नकारावर, ना नंतरच्या दंडाच्या नोटिशीवर. रजा द्यायची की नाही आणि किती दिवस द्यायची, हे मुख्याध्यापक प्रत्येक प्रकरण पाहून ठरवतात. तरीही तुमची बाजू बळकट आहे, कारण तुमचे कारण सुट्टीचे नाही, आणि पाच दिवस देऊन त्यांनी परिस्थिती अपवादात्मक असल्याचे मान्यही केले आहे. वाद आता केवळ मुदतीचा आहे. रुग्णालयाचे पत्र जोडा, परतीची तारीख खुली असेल तर तसे स्पष्ट लिहा, आणि तिकडून दर आठवड्याला ईमेलने स्थिती कळवत राहू, असे अर्जातच नमूद करा. मृत्यूनंतरचे विधी त्यांना ठाऊक असतील असे गृहीत धरू नका. तेराव्या दिवसापर्यंत कुटुंबाने एकत्र राहण्याची रीत आहे, हे दोन ओळींत समजावून सांगा. मी एका शाळेच्या नियामक मंडळावर असताना पाहिले आहे की, नकार पुष्कळदा निष्ठुरपणातून नव्हे, तर अर्जात काहीच न लिहिल्यामुळे येतो. ‘कौटुंबिक अडचण’ या दोन शब्दांवर कोणी तीन आठवडे कसे देईल?

एका गोष्टीची काळजी मात्र घ्या. मंजुरीशिवाय सलग वीस शालेय दिवस मूल आले नाही आणि शाळा व काउन्सिल या दोघांच्या चौकशीनंतरही त्याचा ठावठिकाणा लागला नाही, तर पटावरून नाव कमी होऊ शकते. मागणी असलेल्या शाळेत ती जागा परत मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून संपर्क तुटू देऊ नका. शक्य असेल तर दोघांपैकी एकाने मुलांसह आधी परतावे आणि दुसऱ्याने मागे राहावे, हाही विचार करून ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही स्पेनला गेलो आणि शाळेला मुलीला ताप असल्याचे पाच दिवस कळवत राहिलो. परतल्यावर आठ वर्षांच्या मुलीने वर्गात समुद्रकिनाऱ्याचे चित्र काढले आणि बाईंनी विचारल्यावर सगळे सांगून टाकले. आता शाळेने भेटायला बोलावले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी मिळवता येईल का? मुलीला काय सांगू?

उत्तर : चिठ्ठीचा विचार याच क्षणी सोडा. एका खोट्याला आधार म्हणून दुसरे उभे करायला जाल, तर ज्यांच्याशी पुढची कित्येक वर्षे संबंध आहे, त्यांचा विश्वास कायमचा गमवाल. गैरहजेरीचे खरे कारण नंतर समजले, तर शाळा हजेरीपटावरची नोंद बदलू शकते. आजारपणाची नोंद विनापरवानगी सुट्टीची होते आणि पाच दिवसांचे दहा अर्धे दिवस भरत असल्याने नोटीस येऊ शकते. ती आली तर २१ दिवसांत भरा. यापुढे मुलगी खरोखर आजारी पडली, तरी शाळा पुरावा मागेल, आणि तसे मागण्याची मुभा तिला आहे. दंडापेक्षा हेच तुम्हाला अधिक जाचेल.

भेटीला दोघांनीही जा. बसल्यावर पहिल्याच वाक्यात ‘आम्ही खोटे कळवले’ असे सांगा आणि मग थांबा. भाडी महाग होती, कामावर त्याच आठवड्याची रजा मिळाली, इतर पालकही असेच करतात, यांपैकी सगळे खरे असले, तरी विचारल्याशिवाय बोलू नका. रजा त्याच आठवड्यात घेणे कामाच्या ठिकाणाहून बंधनकारक असेल, तर तसे लेखी पत्र पुढच्या खेपेला अर्जासोबत आधीच द्या. मंजुरी मिळेलच असे नाही, पण विचार होईल. मागाहून आलेल्या अर्जाचा विचारही होत नाही, कारण परवानगी जाण्यापूर्वीच मागायची असते.

मुलीबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिली आहे. मला ती पहिली हवी होती. तिने चूक केलेली नाही. घरात तिला काय बजावले होते ते तुम्ही लिहिलेले नाही, पण ‘कोणी विचारले तर ताप होता म्हण’ असे काहीतरी असणार. आठवडाभर मनात मावेनासा झालेला समुद्र मैत्रिणींपासून लपवायचा, ही आठ वर्षांच्या मुलीकडून करण्याजोगी अपेक्षा नाही. चित्र काढल्यावर आपल्यामुळे आई-बाबा अडचणीत आले, असे तिला वाटत असेल, आणि ते ती बोलून दाखवणार नाही. भेटीला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिला सांगा की, खोटे आम्ही बोललो, तू खरे सांगितलेस ते बरोबर केलेस, आणि उद्या आम्ही बाईंची माफी मागणार आहोत. परतल्यावर काय झाले तेही तिला सांगा. ते चित्र शाळेतून घरी आले असेल, तर फ्रिजवर लावा.