प्रश्न तुमचे : गोळी ग्रंथीपर्यंत पोचते का?

प्रश्न : एचआयव्हीसाठी टीएलडी ही तीन औषधांची एकत्र गोळी सुरू होऊन चार वर्षं झाली. व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) येतं. तरी समुपदेशक सांगतात, विषाणू ग्रंथींमध्ये दडून बसलेला असतो. मग औषध तिथवर जातच नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जातं. पण किती जातं आणि गेल्यावर काय करतं, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि नेहमी त्यांचीच गल्लत होते.

टीएलडीच्या एका गोळीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. आतड्यातून यकृत, तिथून रक्त, आणि रक्ताबरोबर बारीक धमनीतून लसिका ग्रंथीत. जांघेत सुजली की आपण ‘अवधाण आलं’ म्हणतो, तीच ही ग्रंथी. हे रेणू लहान असतात, केशवाहिनीच्या भिंतीतून सहज बाहेर पडतात. अडतं ते पुढे. डोल्युटेग्राविरचा सुमारे ९९ टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो; जेवढा मोकळा, तेवढाच पेशीत शिरतो. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन तर पेशीत शिरूनही लगेच कामाची नसतात. पेशीतली विकरं (एन्झाइम) पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला तीन फॉस्फेट जोडतात, तेव्हा कुठे ती विषाणूला अडवतात.

त्यामुळे रक्तद्रवातली पातळी पाहून ग्रंथीतल्या पेशीचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी ग्रंथीचा तुकडाच काढून तपासावा लागतो. अमेरिकेत १२ रुग्णांवर असं काम झालं, ते २०१४ साली प्रसिद्ध झालं. टेनोफोविर, एमट्रिसिटाबिन, एफाव्हिरेन्झ, अटाझानाविर, दारुनाविर ही पाचही औषधं रक्तातल्यापेक्षा लसिका ऊतींत कमी भरली. डोल्युटेग्राविर त्या यादीत नव्हतं, हेही ध्यानात घ्या.

या कमतरतेमुळे तिथे विषाणूची वाढ चालूच राहते का, यावर संशोधकांत वाद आहे. आमचं मत ‘बहुधा नाही’ या बाजूला झुकतं. अर्धवट औषधात विषाणू वर्षानुवर्षं वाढत राहिला असता, तर नियमित गोळ्या घेणाऱ्यांतही औषधाला न जुमानणारे नवे प्रकार सर्रास दिसले असते. तसे दिसत नाहीत.

खरी अडचण दुसरीच. आपला जनुकसंच पेशीच्या डीएनएत शिवून गप्प बसलेल्या विषाणूला या गोळ्यांनी धरायचं कुठे? गोळ्या नव्या पेशीची लागण रोखतात. आधीच लागण झालेली पेशी मारत नाहीत. वर ती पेशी दुभंगली की विषाणूचीही आपोआप दुसरी प्रत तयार होते, आणि त्या कामात विषाणूच्या विकराची गरजच नसते. या दडलेल्या साठ्याचा अर्धायुष्यकाळ (तो निम्मा व्हायला लागणारा वेळ) सुमारे ४४ महिने काढला गेला आहे. त्या हिशेबाने तो निव्वळ गोळ्यांनी संपायला ७० वर्षांहून जास्त लागतील. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांचा लोड दोन ते चार आठवड्यांत परत चढतो, तो याचमुळे.

प्रश्न : विषाणूला ग्रंथीच का सोयीची? – पुणे

उत्तर : कारण त्याचं खाद्य तिथेच आहे. शरीरातल्या लसिकापेशींपैकी (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपैकी) जेमतेम दोन टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या ग्रंथी, प्लीहा, आतड्याचं अस्तर अशा ठिकाणी. शिवाय ग्रंथीच्या आत बी-पेशींचे गोल पुंजके असतात. तिथल्या मदतनीस टी-पेशींत विषाणू राहतो, आणि त्याला मारणाऱ्या सीडी-८ पेशींपैकी फार थोड्या त्या पुंजक्यात शिरतात.

प्रश्न : २५ मिलिग्रॅमचं नवं टेनोफोविर ३०० वाल्यापेक्षा आत जास्त पोचतं का? – नाशिक

उत्तर : लसिकापेशींत, हो. जुन्या प्रकाराच्या रेणूला जोडलेलं रासायनिक वेष्टण रक्तातच सुटतं. नव्याचं (टेनोफोविर अलाफेनामाइड) रक्तात टिकतं आणि पेशीत गेल्यावर कॅथेप्सिन-ए हे विकर ते सोडवतं. म्हणून रक्तातलं टेनोफोविर सुमारे ९० टक्क्यांनी घटतं आणि मूत्रपिंड व हाडांवरचा ताण कमी होतो. दडलेला साठा मात्र यानेही आटत नाही.

प्रश्न : गोळी तुपाच्या जेवणाबरोबर घेतली तर जास्त लागू पडते, असं ऐकलं. – सोलापूर

उत्तर : स्निग्ध जेवणाने डोल्युटेग्राविर जास्त शोषलं जातं हे खरं, पण उपाशीपोटीही पुरेसं शोषलं जातं. तुपापेक्षा पित्ताच्या औषधाकडे लक्ष द्या. डोल्युटेग्राविर विषाणूच्या विकरातल्या मॅग्नेशियमला पकडून त्याला निकामी करतं. पोटात मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमचं अँटासिड असलं, तर डोल्युटेग्राविर त्यालाच पकडतं आणि न शोषता बाहेर जातं. म्हणून अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर गोळी घ्या. कॅल्शियम आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर. पण त्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतल्या तर चालतात.

टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत डोल्युटेग्राविर भराभर संपवतं. तेव्हा टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० ची एक जादा गोळी लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही ती आणखी दोन आठवडे चालू ठेवतात. टीबीचं निदान झालं त्याच दिवशी एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) तसं कळवा.