समीकरणाची ‘मुळे’ की ‘मुले’?

निपाणीहून एका पालकांनी विचारलं आहे: मुलगी कन्नड माध्यमात दहावीला आहे. पुस्तकात वर्गसमीकरणाच्या उत्तरांना ‘मूलगळु’ म्हटलंय, म्हणून मराठीत लिहिताना ती ‘समीकरणाची मुले’ लिहिते. हे चालेल का? आणि मूळ व उकल एकच का?

‘मुले’ चालणार नाही. संस्कृत ‘मूल’ कन्नडनं ‘ल’सकट ठेवला, मराठीत त्याचा ‘ळ’ झाला. फल-फळ, कमल-कमळ, तसंच मूल-मूळ. मराठीत ‘मूल’ म्हणजे लेकरू. मूलभूत, समूल अशा तत्सम शब्दांत मात्र ‘ल’ टिकलाय, त्यामुळे घोळ वाढतो. लिहिताना एकवचनात दीर्घ ‘मूळ’, पण पुढे ऱ्हस्व: मुळे, मुळांची बेरीज.

आता अर्थ. समजा, खानापूरकडं तरव्याचा एक वाफा आहे. लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर. रुंदी क्ष धरली तर

क्ष² + ५क्ष = ८४

दोन्ही बाजूंना ४ नं गुणा आणि २५ मिळवा:

४क्ष² + २०क्ष + २५ = ३६१

डावी बाजू (२क्ष + ५)² झाली. मधलं २०क्ष हे पद वर्गाच्या पोटात गेलं. म्हणूनच जुन्या बीजगणितात या रीतीला ‘मध्यमाहरण’ म्हणत, आणि माझ्या मते इतकं नेमकं नाव आजच्या पुस्तकांतही नाही. ४ नं गुणायची ही युक्ती जुने गणिती श्रीधराचार्य यांची. भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी दिली आहे. फायदा असा की अपूर्णांक येत नाहीत. नुसता ५/२ चा वर्ग मिळवायला गेलं की २५/४ येतो आणि तिथंच पोरं चुकतात.

पुढं २क्ष + ५ = ±१९, म्हणून क्ष = ७ किंवा −१२. ही दोन्ही समीकरणाची मुळे. उकल म्हणजेही त्याच किमती. शाळेत दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालतात. वेगळं आहे ते ‘उत्तर’. रुंदी ऋण नसते, म्हणून उत्तर फक्त ७ मीटर. पण ‘मुळे सांगा’ असा प्रश्न असेल तर −१२ गाळलं की गुण गेले. ताळा सोपा: मुळांची बेरीज −५, गुणाकार −८४.

खरी अडचण ‘वर्गमूळ’ या शब्दानं होते. √३६१ हे चिन्ह फक्त धन वर्गमूळ, म्हणजे १९ दाखवतं. समीकरण सोडवताना −१९ सुद्धा घ्यावं लागतं. ± विसरलं की एक मूळ हरवतं, आणि ते हरवलंय हे वहीत कुठंच दिसत नाही.

जाता जाता: कन्नड ‘शोधक’ म्हणजे आपला विवेचक, मुळे कशा प्रकारची आहेत ते सांगणारी राशी. आणि कन्नड ‘अपवर्तन’ म्हणजे गणितातला अवयव. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात अपवर्तन प्रकाशाचं होतं.