जुनी आलिशान गाडी "फुल रिस्टोर केलेली" आहे असं मालक सांगतो, तेव्हा नक्की काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की नागपूरकडच्या एका ओळखीच्या माणसाकडे १९५२ ची जग्वार एक्सके १२० रोडस्टर, म्हणजे इंग्लंडची उघड्या टपाची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी आहे. "राजघराण्यातली, फुल रिस्टोर केलेली" असं तो म्हणतो आणि तुम्हाला गाड्यांतलं फारसं कळत नाही. माझं गॅरेज आर्वीजवळ आहे. ट्रॅक्टर, जीप आणि कापसाच्या हंगामात भर रस्त्यात बसणाऱ्या मेटॅडोर, हे माझं रोजचं काम. पण याच मॉडेलची एक गाडी, १९५१ ची, माझ्या शेडमध्ये सहा वर्षं उघडून पडली होती. तिची हकीकत सांगतो, तुमची तुम्ही ताडून घ्या.

गाडी आमच्या गावच्या मालगुजारांची, म्हणजे जमीनदारांची. मालगुजारी १९५१ सालीच गेली, राहिलं ते जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. माझे वडील तिथे आधी फिटर, मग ड्रायव्हर. १९७६ च्या सुमारास ती बंद पडली ती जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये ढकलली, आणि २०१० साली नातवानं, म्हणजे आताच्या मालकांनी, मला बोलावलं. टायर सपाट, वर सरकीच्या पोत्यांची थप्पी. बोनेट उघडलं तर इंजिन दिसेना. उंदरांनी तीस-पस्तीस वर्षं रुई आणून आणून दोन्ही कार्बोरेटरांच्या मधे गादी भरली होती. आत बसायला गेलो आणि पाय थेट जमिनीवर! या गाडीत पाय ठेवायच्या जागी खाली प्लायच्या फळ्या असतात, त्या उधईनं खाऊन टाकल्या होत्या. दाराला बाहेरून हँडलच नसतं, आत हात घालून दोरी ओढायची. ते बघून पोरं म्हणाली, "काका, याचं हँडल बी चोरीले गेलं का?"

आता राजघराण्याबद्दल. आमच्या गावातही तेच सांगायचे, कुण्या संस्थानिकाची गाडी, शिकारीला न्यायचे वगैरे. पेटीत आर.सी. बुक सापडलं, मुंबईचं. त्यात पहिलं नाव एका इंग्रज साहेबाचं, दुसरं मुंबईच्या एका कापूस दलालाचं आणि तिसरं मालकांच्या आजोबांचं. राजा कुठेच नाही. माझ्या वडिलांना खरं ठाऊक होतं, पण मालकांच्या घरची गोष्ट म्हणून ते बोलले नव्हते. दलालाकडे गाठींचे पैसे अडकले होते, ते निघेनात तेव्हा त्यानं गाडी दिली. उधारीत आलेली गाडी! पण मला तरी ती गोष्ट राजापेक्षा जास्त पटते. कापसाच्या मुलखात गाडी कापसाच्या पैशातच येणार.

त्याच बुकात आणखी एक जागा होती. इंजिन नंबरच्या रकान्यात पहिला नंबर लाल शाईनं खोडलेला, वर दुसरा लिहिलेला, बाजूला शिक्का आणि १९५९ ची तारीख. खोडलेला नंबर 'डब्ल्यू' नं सुरू होत होता, नवा 'ए' नं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे कळलं की एक्सके १२० चे नंबर 'डब्ल्यू' नं सुरू होतात (शेवटी शेवटी 'एफ' नं), आणि 'ए' हा मार्क सेव्हन नावाच्या त्यांच्याच मोठ्या गाडीचा. दोन्हीत इंजिन तेच, ३४४२ सीसीचं, सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट. म्हणजे मुंबईतच कुणीतरी इंजिन बदललं, रीतसर नोंद केली आणि दलालानं आजोबांना एक शब्द सांगितला नाही.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा नंबर बघा. ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर एक ठोकलेला असतो, हेडच्या पुढच्या तोंडाला दुसरा. दोन्ही जुळले पाहिजेत. नंबरच्या शेवटी 7 किंवा 8 असेल तर तो कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा किती पट दाबली जाते ते. चासीचा नंबर उजव्या स्टिअरिंगच्या रोडस्टरला ६६ नं सुरू होतो, डाव्याला ६७ नं. मालकानं ठोकलेले आकडे स्वतः पुसून दाखवावेत, नुसत्या पितळी पट्टीवर जाऊ नका, पट्टी कुणीही नवी करून आणतो. हे सगळे नंबर घेऊन इंग्लंडच्या जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टला लिहिलं की ते फी घेऊन कारखान्याच्या वहीतली नोंद पाठवतात: मूळ रंग, आतला रंग, कधी निघाली, कुठे पाठवली.

आमची नोंद आली आणि घरात भांडण लागलं. गाडी सगळ्यांच्या आठवणीत लालभडक. नोंदीत रंग 'स्वीड ग्रीन', म्हणजे आपल्या ओल्या तुरीच्या शेंगेवर धूळ बसावी तसा. डॅशबोर्डच्या मागे खरवडलं तर लाल, त्याखाली मळकट पांढरा आणि त्याखाली खरंच तो हिरवा. मालकांनी हिरवा ठरवला. पोळ्याच्या दिवशी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा एक म्हातारे माझ्यावरच चिडले, "मिस्त्री, चांगली लाल गाडी हिरवी काहून केली?"

या मॉडेलचं थोडं. जग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये ही गाडी मुख्यतः नवं इंजिन दाखवायला ठेवली होती, थोड्याच बनवायच्या विचारानं. म्हणून पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमची, हातानं केलेली. मागणी एवढी आली की १९५० पासून पोलादी बॉडी काढावी लागली. नावातला १२० म्हणजे ताशी १२० मैल, किलोमीटरमध्ये १९३ च्या आसपास. लोकांना खरं वाटेना, तर १९४९ मध्ये बेल्जियममध्ये जाबेकच्या रस्त्यावर १३२ मैलांवर पळवून दाखवली. १९५४ पर्यंत सुमारे बारा हजार निघाल्या आणि बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या.

पोलादी गाडीतही दारं, बोनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचंच राहिलं. हे लक्षात ठेवा, कारण मध्यंतरी एक गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घालून आलं. बोनेटला चिकटवून बघतो तर चिकटेना. "आत सगळी लांबी भरलीय," म्हणून निघाला (लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी). जिथे चुंबक चिकटायला हवा होता त्या दाराखालच्या पट्टीला त्यानं हातच लावला नाही, आणि खरी लांबी तिथेच होती! ती माझी ठसठसणारी जागा आहे. डेंटिंग-पेंटिंग शहरातल्या एका नावाजलेल्या कारागिराकडे दिलं होतं. त्यानं गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा सोडून वर बोटभर लांबी चोपडली. रंग आरशासारखा. दुसऱ्या पावसाळ्यात फोड आले, टोचलं तर पेचकस आत गेला. मी पुन्हा कापून पत्रा बसवला, डाव्या बाजूला. उजवी अजून तशीच आहे. म्हणून मालकाकडे कामाचे फोटो मागा, रंगाच्या आधीचे, उघड्या पत्र्याचे. चकचकीत फोटो काही कामाचे नाहीत.

विजेचं काम कुणी केलं तेही विचारा. या गाडीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि बॉडीला जोडलेली तार धन, आपल्या सवयीच्या बरोबर उलटी. आमच्या बॅटरीवाल्यानं सवयीनं काळी तार बॉडीला लावली, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं कटआउट जळालं.

चालू करून बघताना घाई करू नका. चावी फिरवली की खालून पेट्रोल पंप टिकटिकतो, कार्बोरेटर भरले की गप्प बसतो. टिकटिक थांबलीच नाही तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायला एक छोटा वेगळा कार्बोरेटर आहे, तो सापासारखा फुस्स करतो आणि पाणी साधारण ३५ अंशांवर गेलं की आपोआप बंद होतो. मे महिन्यात आमच्याकडे शेडमधल्या उभ्या गाडीचं पाणीच तेवढं तापलेलं असतं, त्यामुळे तो बिचारा कामालाच लागत नाही. उन्हाळ्यात कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उकळतं, मग वर ओलं फडकं टाकून झाडाखाली थांबायचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून जुन्या रबरी नळ्या मऊ पडल्या, त्या मी सगळ्या बदलल्या. तुमच्या माणसानं बदलल्यात का ते विचारा. मागची चाकं झाकणारी पत्र्याची झाकणं असतील तर पावसाळ्यात काढून ठेवा. काळी माती आत भरली की चाक फिरत नाही, हे मी पांदणीत शिकलो.

बाकी आजची अवस्था अशी: इंजिन गोड चालतं, क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल टपकतं (या इंजिनाचा स्वभावच तो, खाली ट्रे ठेवतो), पहिला गिअर उभ्या गाडीतच टाकावा लागतो, आणि चारही चाकांना ड्रम असल्यामुळे घाटात ब्रेक दोन-तीनदा दाबले की पेडल हलकं लागतं. स्पीडोमीटर मैलांचा आहे, बंद आहे.

कागदाचं: पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली 'विंटेज' म्हणून नोंदता येते. नव्यानं नोंदवली तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून ती लाल शाईची नोंद आम्ही जपून ठेवली आहे. तुमच्या माणसाकडे इंजिन बदललेलं असेल आणि बुकात नोंद नसेल, तर आर.टी.ओ.त विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

गेल्या वर्षी मुंबईहून एक जण आमची गाडी घ्यायला आला होता. मालकांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि कप खाली ठेवायच्या आत सांगितलं, "इंजिन हिचं नाही, उजव्या दाराखाली लांबी आहे." त्यानं निम्मी किंमत केली, मालकांनी हात जोडले. गाडी अजून शेडमध्येच आहे. बघायची असेल तर दिवाळीनंतर या, तेव्हा रस्ते सुकलेले असतात.