आधी पाण्याचा ताळेबंद, मग आराखडा

गावाचा हवामान आराखडा करायला बसलायस, तर आधी पर्जन्यमापक बसव. तालुक्याच्या सरासरीवर विसंबू नकोस. वरच्या वाडीत धो धो आणि खालच्या शिवारात नुसती भुरभुर, हे आता नेहमीचंच झालंय. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर. एवढा हिशेब पाठ ठेव, ग्रामसभेत लोक कान टवकारतात.

मग विहिरी. कठड्यावर रंगाने खूण कर आणि दर वेळी तिथूनच टेप सोड, ऑक्टोबरअखेर आणि पुन्हा मार्चमध्ये. सकाळी, मोटार सुरू व्हायच्या आधी. पहिल्या वर्षी मी उपसा चालू असताना मोजलं, पाणी तीन हात खाली दिसलं आणि सगळ्या गावाने माझी फिरकी घेतली.

पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेलं नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव पाहून ये, पण तिथले बंधारे मोजत बसू नकोस. खरी गंमत पावसाळ्यानंतरच्या सभेत आहे. किती पाणी आलं ते मांडायचं, प्यायचं आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर रब्बीची पिकं ठरवायची. तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. तुझ्या गावात हे एका दमात पचणार नाही. ऊसवाल्यांशी पारावर आधी बोल, सभेत नंतर.

शेततळ्यांची मागणी सगळ्यात जास्त येईल. बोअरचं पाणी उपसून तळ्यात प्लॅस्टिकच्या कागदावर साठवायचं आणि उन्हात उडवायचं असेल, तर सरळ नाही म्हण. अपधावेचं, म्हणजे पावसात शिवारातून वाहून जाणारं पाणी साठवून पावसाच्या खंडात पिकाला देणार असतील, तर जरूर घे.