आईचा पत्ता कोणता सांगायचा?

प्रश्न : ताई, माझी आई बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दोन वर्षांपूर्वी तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. तपासण्या सोलापुरात आमच्याकडे राहून झाल्या, म्हणून केसपेपरवर माझा जुळे सोलापूरचा पत्ता. शेक मुंबईत घेतला, तिथं मावसभावाचा लालबागचा पत्ता. वय एका कागदावर ५८, दुसऱ्यावर ६३. आता गावच्या घरी कॅन्सर नोंदणीची माणसं येऊन सगळं विचारून गेली. भाऊ चिडलाय. म्हणतो, ही माहिती परदेशात जाते, आपल्याला काय उपयोग? आई आता बरी आहे. ते परत आले तर सांगावं का? माझं वय ४१. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : सांगा, आणि पत्ता गावचाच सांगा. आई वर्षानुवर्षं जिथं राहते तोच तिचा पत्ता. उपचारासाठी लेकीकडं राहिली म्हणून ती सोलापूरची होत नाही.

हे मी ठामपणे सांगते, कारण नोकरीची एकवीस वर्षं मी हेच प्रश्न विचारत एसटीनं आणि पायी खेडोपाडी फिरले. कॅन्सर नोंदणी म्हणजे एका भागातल्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची नोंद ठेवायचं काम. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या भागासाठी. मुंबईची नोंदणी त्याआधीची, १९६३ची. पण खेड्यातला आजार दवाखान्यात बसून मोजता येत नाही, कारण कितीतरी बाया दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या. म्हणून गावात जायचं, पारावर बसायचं, अंगावरून जाणं, रक्त जाणं यावर बायकांशी मोकळं बोलायचं आणि मग नोंद करायची.

तुमच्या आईच्या दोन कागदांकडं बघा. कुणी जुळवले नाहीत तर एका बाईच्या दोन बाया होतात. सोलापूरचा आकडा एकानं वाढतो, मुंबईचा एकानं, आणि जिथं ती खरोखर राहते तिथं कदाचित नोंदच नाही. तालुक्यात लाखामागे किती जणींना हा आजार होतो हे काढायचं, तर भागाकारात वरचे रुग्ण आणि खालची लोकसंख्या एकाच मुलखातली हवी.

वयाचंही तसंच. जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी आज्या मला भेटल्या. मी विचारायचे, "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?" एकजण म्हणाली, "खडी फोडायला जात होते, थोरला चालत होता, धाकटा कडेवर." तेवढ्यावरून वय बऱ्यापैकी जुळवता येतं. आईलाही असंच विचारा आणि पुढं सगळीकडं एकच वय सांगा. वय चुकलं तर देशादेशांची तुलनाच फसते. जपानात म्हातारी माणसं जास्त, आपल्याकडं तरुण. म्हणून दोघांचे दर एकाच ठरावीक वयोरचनेवर बसवून मगच शेजारी ठेवतात.

आता भावाचा प्रश्न. परदेशात आईचं नाव जात नाही, सांकेतिक आकडे जातात. गर्भाशयमुखाला सी५३, गाठीच्या प्रकाराला वेगळा आकडा. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे. जगभरच्या नोंदण्यांचे आकडे तिथं १९६६पासून खंडांच्या रूपानं छापले जातात, आणि त्यांत बार्शीचंही पान आहे.

पण आकडे नुसते गोळा करून भागत नाही, मोजायची रीत एक लागते. एखाद्या बाईला दोन्ही स्तनांत गाठी निघाल्या, तर आंतरराष्ट्रीय नियमानं सहसा एकच कॅन्सर धरतात, अमेरिकेच्या नियमानं दोन. मूत्राशयाच्या वरवरच्या गाठी काही देश मोजतात, काही नाही. निदानाची तारीख तर फारच नाजूक. रुग्ण किती दिवस जगला हे एकानं बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याच्या दिवसापासून मोजलं आणि दुसऱ्यानं शेक सुरू झाल्यापासून, तर मधले तीन महिने कागदावरून गायब होतात. आमच्याकडं ते तीन महिने कशात जातात? पैशाची सोय करण्यात, सोबतीला कोण जाणार हे ठरण्यात, मुंबईत राहायची जागा शोधण्यात. नेमकं तेच दुखणं दिसेनासं होतं. म्हणून आईच्या पहिल्या बायोप्सीचा कागद जपून ठेवा.

उपयोगाचं म्हणाल, तर शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. कुणाला कॅन्सर झाला, कोण दगावलं, याचा माग बार्शीच्या नोंदणीच्या आधारानं ठेवला. २००९ साली निष्कर्ष छापून आले : हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्या एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू, आणि नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं या तपासणीची शिफारस केली, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत आपल्या या बायका आहेत. दारात आलेल्या माणसाला त्यांनी वय, गाव, आजार खरा सांगितला म्हणून हे कळलं. भावाला हे जरूर वाचून दाखवा.

तुम्ही तुमचं वय ४१ लिहिलंय, तपासणीबद्दल मात्र काही नाही. तिशीनंतर प्रत्येक बाईनं ही तपासणी करून घ्यावी, काही त्रास नसला तरी. आईच्या पुढच्या फेरतपासणीला जाल, त्याच दिवशी स्वतःसाठीही केसपेपर काढा.